दाट वस्ती पुन्हा नदीशी कशी जोडावी: पणजी आणि मांडवीच्या निमित्ताने

दयानंद बांदोडकर मार्ग ओलांडला की मांडवी समोर आहे. तरीही अठरा जून मार्गाच्या मागच्या बोळात राहणाऱ्या कुटुंबाला नदी दिसते ती बहुधा पुलावरून जाताना किंवा बेतीची फेरीबोट धरताना. अशी वस्ती नदीशी पुन्हा जोडायची असेल, तर काठावर फरशी, कठडे आणि शोभेचे दिवे बसवून कामाला सुरुवात करू नये. ते काम देखणे दिसते आणि उद्घाटनालाही सोयीचे असते. पण ते नदीला समांतर धावते, आणि मागच्या वस्तीला हव्या असतात नदीकडे काटकोनात जाणाऱ्या वाटा. म्हणून आधी पाण्याचा विचार करावा, मग वाटांचा, मग सावलीचा, आणि काठाला हात सर्वांत शेवटी घालावा.

पाणी आधी घेण्याचे कारण पणजीच्या जमिनीतच आहे. १८२७ ते १८३५ या काळात व्हाइसरॉय दों मान्युएल दी पोर्तुगाल ई काश्त्रु याने दलदली बुजवून, वाळूचे उंचवटे सपाट करून रस्ते आखले आणि १८४३ मध्ये हे शहर राजधानी झाले. सखल भागाखालची जमीन अशी भरावाची आहे, आल्तिनोच्या टेकडीवरचे पाणी याच भागात उतरते, आणि मांडवी येथे भरती-ओहोटीची नदी आहे. जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की गटारांतून पाणी बाहेर जाण्याऐवजी नदीच आत येते. गुडघाभर पाणी साचणाऱ्या रस्त्यावरून कितीही सुंदर वाट आखली, तरी पावसाळ्याचे चार महिने ती कोणी वापरणार नाही.

त्यामुळे पहिली पाहणी कागदावर न करता गटारांच्या मुखाशी करावी. जुलैतील अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास भरतीच्या वेळा पाहून प्रत्येक मुखाशी जावे, पाणी चढत असताना त्याची पातळी भिंतीवर रंगाने नोंदवावी, आणि त्याच वेळी वरच्या बाजूच्या जाळीपाशी दुसऱ्या व्यक्तीला उभे करून पाणी नेमके कोणत्या रस्त्यावर कधी उलटते ते टिपावे. हीच पाहणी मे महिन्यातल्या ओहोटीला पुन्हा केली, तर कोणते मुख गाळाने अर्धे बुजले आहे आणि पाऊस नसतानाही कोणत्या मुखातून सांडपाणी वाहते आहे, हे आपोआप उघड होते. सांडपाण्याची जोडणी दुरुस्त होईपर्यंत त्या ठिकाणी बसण्याची जागा आखू नये.

उलट येणाऱ्या पाण्यावरचा उपाय गोव्याला शतकानुशतके ठाऊक आहे. खाजन शेती म्हणजे भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवलेली सखल शेती; तिच्या बांधात मानस, म्हणजे पाणी अडवणारे-सोडणारे दार असते. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की त्याची लाकडी दारे मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात, आणि मधल्या वेळात आतले पाणी पोंयीत, म्हणजे बांधाच्या आतल्या खोलगट तळ्यात, थांबते. शहरातही याच तीन गोष्टी लागतात: मुखाशी एकमार्गी झडप, आत पाणी थांबण्यासाठी जागा, आणि ती जागा पुन्हा रिकामी करणारी ओहोटी. झडप लोक आनंदाने बसवतात, जागा मात्र विसरतात. मग दार बंद आणि पाऊस चालू, अशी अवस्था होते. हिशेब सोपा आहे. एक हेक्टर वस्तीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी होते. त्यातले ८० टक्के वाहून येते असे धरले, तर ४०० घनमीटर पाण्याला अर्धा मीटर खोलीची ८०० चौरस मीटर जागा लागते. एवढी मोकळी जागा दाट वस्तीत सलग मिळत नाही; पण शाळेचे पटांगण, एखाद्या उद्यानाचा सखल केलेला भाग आणि वाहनतळाच्या कडेची झाडांची पट्टी मिळून ती भरून निघू शकते. या खोलगट जागा कोरड्या दिवसांत मुलांना खेळायला आणि वडीलधाऱ्यांना बसायला मोकळ्या असाव्यात, नाहीतर त्यांवर लवकरच कोणीतरी गाड्या लावेल.

पाण्याचा नकाशा हाती आला की वाटा निवडाव्यात. सर्व रस्ते सुधारण्याच्या मागे न लागता, नदीपासून सुमारे ४०० मीटरच्या आत बाजार, शाळा, देऊळ किंवा चर्च यांना जोडणारे तीन-चार रस्ते घ्यावेत. प्रत्येक रस्त्याच्या वरच्या टोकाशी उभे राहून नदी, निदान नदीवरचे आकाश, दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर आड येणारी गोष्ट बहुतेक वेळा जाहिरातफलक, टपरी, तिकीटखिडकी किंवा रांगेने लावलेल्या गाड्या, अशी हलवता येण्याजोगीच असते. इमारतीतूनही वाट काढता येते, याचे उत्तम उदाहरण गोव्यातच आहे. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या कांपालच्या कला अकादमीत रस्त्यावरून शिरणारा माणूस मांडवाखालून, मोकळ्या दालनातून चालत थेट मांडवीकाठी पोहोचतो. मध्ये नदीकडे पाठ फिरवणारी भिंत येत नाही. नदीकाठच्या नव्या सरकारी इमारतींना तळमजल्यावर अशी आरपार वाट ठेवण्याची अट घालता आली, तर निम्मे काम झालेच.

खरा अडथळा मात्र काठालगतचा मोठा रस्ता. भुयारी मार्ग पावसात तुंबतो आणि पादचारी पुलाचे जिने वृद्धांना झेपत नाहीत. म्हणून माझे मत जमिनीवरूनच ओलांडण्याच्या बाजूने आहे. निवडलेल्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी रस्ता पदपथाच्या पातळीपर्यंत उचलावा, म्हणजे उतरावे-चढावे लागेल ते वाहनाला. दुभाजकात बाबागाडी घेऊन थांबता येईल एवढी रुंदी ठेवावी आणि चढ १ः१२ पेक्षा तीव्र नसावा.

गोव्यातल्या उन्हात सावलीशिवायची वाट सकाळ-संध्याकाळपुरतीच उरते. करंज, उंडी आणि भेंड ही झाडे खाऱ्या वाऱ्याला टिकतात. ओलसर कडेला समुद्रफळ लावावे. भरावाच्या जमिनीत खड्डा लहान ठेवला तर मुळे वर येऊन फरशी उखडतात, तेव्हा खड्ड्यावर खर्च करावा आणि फरशीवर कमी करावा. सांधे मोकळे ठेवून बसवलेले जांभ्या दगडाचे चिरे पाणी मुरू देतात, पण ते पावसाळ्यात शेवाळतात. उतारावर ते वापरू नयेत.

आता काठ. पणजीला एक काठ नाही, तीन आहेत: मांडवीचा उघडा काठ, मळा आणि पाटो यांच्यामधली रुआ दी ओरेंची खाडी, आणि ताळगावकडून येऊन कांपालजवळ मांडवीला मिळणारी सांतिनेजची खाडी. दाट वस्तीला दोन्ही खाड्याच जवळच्या आहेत, म्हणून पैसा मर्यादित असेल तर तो आधी तिथे लावावा. खाडीच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या उभ्या भिंती घालण्याचा मोह टाळावा, कारण तिवर, चिप्पी आणि कांदळ या खारफुटीच्या झाडांना भरती-ओहोटीच्या मधला उताराचा चिखल लागतो आणि तोच लाटांचा जोर मोडतो. खारफुटीतून लाकडी पूलवाट न्यायची असेल तर ती खांबांवर, उधाणाच्या पातळीच्या वर आणि मुळांना धक्का न लावता न्यावी. पायऱ्या निवडक ठिकाणीच, होड्या लागतात तिथे असाव्यात. मासेमार, फेरीबोटीचे प्रवासी, पर्यटक होड्या आणि कॅसिनोच्या बोटींचे धक्के यांना काठाची लांबी कशी वाटून द्यायची, हे आराखड्यात मीटरमध्ये लिहून ठेवावे. न लिहिलेली जागा ज्याचा धंदा मोठा त्याच्याकडे जाते.

परवानग्यांची चौकशी पहिल्या रेखाटनाबरोबरच सुरू करावी. भरतीच्या पाण्याला लागून असलेल्या कामाला किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागतात, आणि २०११ च्या अधिसूचनेने गोव्यातील खाजन जमिनींना वेगळे संरक्षण दिले आहे. किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरण, बंदर कप्तान खाते, जलस्रोत खाते, नगरनियोजन खाते आणि महापालिका या सर्वांना एकच नकाशा दाखवावा, कारण एका खात्याने उंचावलेला रस्ता दुसऱ्याच्या गटाराचे तोंड बंद करतो.

बांधकाम ऑक्टोबरनंतर सुरू करून मेअखेर खोदकाम पूर्ण बुजेल अशा टप्प्यांत विभागावे, आणि पहिल्या टप्प्यात एक झडप, एक खोलगट जागा व एक वाट एवढेच पुरे करून एक पावसाळा पाहावा. देखभालीची तरतूद निविदेतच असावी: मे महिन्यात मुखातला गाळ काढणे, झडपेच्या बिजागऱ्या तपासणे, खोलगट जागेतला कचरा उचलणे. झडप अडकली तर रात्री कोणाला बोलवायचे त्याचे नाव आणि फोन क्रमांक प्रत्येक मुखाशी फलकावर लिहिलेला असावा, आणि तो दर जूनमध्ये एकदा लावून पाहावा.