द्राक्षबागेत फुलोऱ्याच्या काळात पाने काढताना या चुका टाळा

गोडी छाटणीनंतर (फळांसाठी केलेल्या छाटणीनंतर) महिना-सव्वा महिन्यात बाग फुलोऱ्यात येते आणि घड मोकळे करण्याची घाई सुरू होते. घडाभोवती हवा खेळली की भुरी आणि डाऊनी हे रोग आटोक्यात राहतात, फवारा आतपर्यंत पोहोचतो, पुढे जीएच्या (जिबरेलिक आम्ल या संजीवकाच्या) द्रावणात घड बुडवतानाही पाने आड येत नाहीत. तरीही वेलीवरची गर्दी बहुधा वेळेवर न काढलेल्या फेलफुटींची (घड नसलेल्या फुटींची) आणि बगलफुटींची (पानाच्या बेचक्यातून येणाऱ्या फुटींची) असते, आणि तिची शिक्षा मात्र पानांना होते. आधी फुटी विरळ कराव्यात, काड्या तारेवर पसरून बांधाव्यात आणि त्यानंतरही घड झाकलेला राहिला तरच पानाला हात लावावा.

सर्वांत महागात पडणारी चूक वेळेची आहे. फुले उमलत असताना घडाला लागणारे अन्न प्रामुख्याने त्याच काडीवरच्या पूर्ण वाढलेल्या पानांकडून येते. ती एकदम ओरबाडली तर मणी नीट धरत नाहीत आणि फुलगळ वाढते. मणी सेट झाल्यावर घडाखालची दोन-तीन जुनी, सावलीतली पाने काढणे पुरेसे असते, तर घडाच्या पुढची दहा-बारा निरोगी पाने राखावीच लागतात, कारण मण्यांत पाणी उतरल्यावर, म्हणजे ते मऊ पडू लागल्यावर, गोडी भरण्याचे काम त्यांचेच असते. एकरी उक्ते काम घेतलेल्या टोळीला हा हिशेब आधी चार वेलींवर करून दाखवावा, नाहीतर संध्याकाळपर्यंत काड्या बोडक्या झालेल्या दिसतात.

दुसरी चूक दिशेची आहे. दक्षिणोत्तर ओळींत पूर्वेकडची पाने थोडी कमी झाली तरी सकाळचे कोवळे ऊन घडाला मानवते. पश्चिमेकडची काढली तर दुपारच्या उन्हाने मणी भाजतात. त्यातही आतापर्यंत सावलीत वाढलेला घड अचानक उघडा पडला, तर इजा अधिक होते. म्हणून पाने दोन टप्प्यांत, काही दिवसांच्या अंतराने काढावीत.

पाऊस तोंडावर असताना हे काम करू नये. पान खाली ओढून तोडल्यास काडीची साल निघते, त्यामुळे देठ नखाने किंवा कात्रीने तोडावा. देठ परीक्षण (वेलीतील अन्नद्रव्यांची तपासणी) करायचे असेल, तर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ लागतो. तेच पान टोळीने काढून टाकले की नमुना कशाचा घेणार?

पाने जास्त निघालीच असतील, तर युरिया दिल्याने ती भरून निघत नाहीत; उलट लुसलुशीत फूट येते आणि डाऊनी आधी तिच्यावरच बसतो. अशा वेळी शेंड्याकडच्या बगलफुटी दोन पानांवर खुडून राखाव्यात, उरलेल्या पानांना झेपतील एवढेच घड ठेवावेत आणि पश्चिमेकडच्या उघड्या घडांवर कागद लावावेत.