‘काकांचा पाय कुठे गेला?’ मुलं असं विचारतात तेव्हा काय करावं

माझा मुलगा तेव्हा साडेचार वर्षांचा होता. रविवारी बडोद्याच्या कमाटीबागेत आम्ही छोट्या आगगाडीच्या रांगेत उभे होतो. पुढे कुबड्या घेतलेले एक काका होते. मुलानं खणखणीत आवाजात विचारलं, “आई, या काकांचा पाय कुठे गेला?” मी त्याचा हात ओढला. “शू! असं विचारत नाहीत.” काकांनी ऐकलं होतं, पण मान वळवली नाही. रात्री पांघरुणात शिरल्यावर मुलगा हळूच म्हणाला, “त्यांनी काय केलं होतं गं, म्हणून पाय गेला?”

माझ्या त्या एका ‘शू’मधून तो शिकला की हा विषय बोलायचा नसतो, म्हणजे यात काहीतरी वाईट असणार.

तीनेक वर्षांच्या मुलाला फरक दिसतो, पण त्याच्या मनात बहुतेक वेळा नावड नसते, कुतूहल असतं. पुढे चार ते सातच्या दरम्यान ‘वाईट घडलं म्हणजे कुणीतरी वाईट वागलं’ असा हिशेब मुलं मांडतात. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं १९३२ मध्येच हे नोंदवलं होतं. याच वयात ‘मलाही होईल का?’ ही भीतीही असते. त्यात आपल्या घरांतून ‘मागच्या जन्मीचं’ कानावर पडलं की तो हिशेब पक्का होतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे प्रश्न आला की तिथल्या तिथे, नेहमीच्या आवाजात, थोडक्यात आणि खरं उत्तर देणं. “काकांना एक पाय नाही. कुबड्यांच्या आधारानं ते चालतात.” एवढं पुरतं. ‘का?’ आलं तर “ते मला माहीत नाही, आणि अनोळखी माणसाला त्याच्या शरीराबद्दल आपण विचारत नाही” असं सांगा. त्या व्यक्तीशी नजरानजर झाली तर हसा, नमस्कार करा. मूल ते बघत असतं. ‘बघ, देवानं तुला सगळं दिलंय’ हे वाक्य मात्र कृपा करून टाळा. रांगेत उभा असलेला माणूस आपल्या मुलाचा धडा व्हायला आलेला नसतो.

मग रात्री निवांत वेळी, मुलानं विचारलं नसलं तरी, दोन गोष्टी सांगा. हे कुणाला शिक्षा म्हणून होत नाही. आणि हात धरला, एका डब्यात जेवलं, म्हणून कुणाचं अपंगत्व आपल्याला लागत नाही. आजी पूर्वजन्माचं बोलली तर मुलासमोर वाद घालू नका, नंतर तिच्याशी बोला. माझ्या सासूबाईंना वेळ लागला, पण ‘बिचारा’ म्हणणं त्यांनी सोडलं.

आठवडाभर घरातली भाषा कान देऊन ऐका. ‘डोळे फुटले का?’, ‘बहिरा आहेस का?’ हे आपण रागात मुलांवरच ओरडतो. आंधळेपण, बहिरेपण ही शिवी असते, हे मूल तिथेच शिकतं. लंगडीचा खेळ खुशाल खेळू द्या, त्यात कुणाचा अपमान नाही.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो सोबत काम केल्यानं. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलं होतं की नुसतं जवळ असून पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा बरोबरीचा हवा, काम एक हवं, ते मिळून करायला हवं आणि मोठ्यांचा पाठिंबा हवा. वाढदिवसाला विशेष शाळेत पेढे वाटण्यात हे घडत नाही, कारण तिथे एक देतो आणि दुसरा घेतो. आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या ओट्यावर गणपतीआधी मुलं शाडूच्या मूर्ती करतात. शेजारच्या मुलीला अगदी अंधूक दिसतं. कान दोन्हीकडे सारखे झालेत का, हे ती अंगठ्यानं चाचपून सांगते. गेल्या वर्षी माझ्या मुलानं आपली मूर्ती तीनदा तिच्यापुढे नेली, कारण ती चूक बरोबर पकडायची. त्या दिवसानंतर तिच्याबद्दल मला वेगळं काही समजवावं लागलं नाही.

न दिसणाऱ्या अडचणींचं काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता (ऑटिझम) आणि अध्ययन अक्षमताही येतात. व्हीलचेअर दिसली की मुलं जपून वागतात, पण अडखळत वाचणाऱ्याला तिसरी-चौथीत ‘मठ्ठ’ म्हणतात. “अक्षर आणि आवाज यांची जोडी लावायला त्याला जास्त वेळ लागतो, तो आळशी नाही” असं स्पष्ट सांगा.

शाळा निवडतानाही विचारा, वर्गात अशी मुलं आहेत का? एका शाळेनं मला अभिमानानं सांगितलं होतं, “तशी मुलं आमच्याकडे नाहीत.” सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याच गावात हे ऐकताना मला फार वाईट वाटलं.

तुमच्याकडूनही ‘शू’ झालं असेल तर विषय पुन्हा काढा. मी दुसऱ्या दिवशी मुलाला म्हटलं, “काल तुला गप्प केलं, ते माझं चुकलं.” त्यानं लगेच विचारलं, “कुबडी खाली पडली तर आपण उचलून द्यायची?” मी म्हटलं, “आधी विचारायचं, ‘काका, देऊ का?’ ते हो म्हणाले की मग.”