एआय शिकायचा रोडमॅप निवडण्याआधी हे तपासा

रोडमॅप म्हणजे काय आणि कुठल्या क्रमाने शिकायचं याची यादी. लॅपटॉप, इंटरनेट, वही-पेन यावर बोलत नाही. ग्राफिक्स कार्डवाला महागडा लॅपटॉप सुरुवातीला लागत नाही. गूगल कोलॅब या ऑनलाइन साधनावर जीपीयू, म्हणजे तेच ग्राफिक्स कार्ड, फुकट वापरता येतं, फक्त सेशन संपलं की तिथल्या फाइली जातात, म्हणून त्या ड्राइव्हवर ठेवायच्या. झालं एवढंच.

सगळ्यात आधी, कुठे पोचायचंय ते एका वाक्यात लिहा. ‘एआय शिकायचंय’ हे वाक्य चालणार नाही, त्यातून काहीच ठरत नाही. तयार मॉडेल वापरून अ‍ॅप बनवायचंय, की स्वतः मॉडेल ट्रेन करायचंय, की हातातल्या डेटातून उत्तरं काढायची आहेत? या तीन वेगळ्या वाटा आहेत. पहिलीला एपीआय (दुसऱ्याच्या सेवेला कोडमधून विनंती पाठवायची सोय), डेटाबेस, वेब आणि मॉडेलची उत्तरं तपासायची शिस्त लागते. बॅकप्रोपगेशनचं (मॉडेल स्वतःच्या चुकीतून शिकतं त्या पद्धतीचं) गणित पहिल्या महिन्यात नसलं तरी अडत नाही. दुसरीला गणित आणि पायटॉर्च (मॉडेल बनवायची पायथन लायब्ररी) यांच्यावाचून गत्यंतर नाही. तिसरीला एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आणि पांडास (तक्त्यांवर काम करायची पायथन लायब्ररी) आधी, न्यूरल नेटवर्क खूप नंतर. ज्या रोडमॅपमध्ये या तिन्ही वाटा एकाच चित्रात दीडशे चौकोन करून दाखवल्यात तो निवडू नका. ते चित्र शेतातल्या सगळ्या पायवाटा दाखवतं, पण तुमच्या बांधापर्यंत कुठली जाते ते सांगत नाही.

आता मुख्य गोष्ट. रोडमॅपच्या प्रत्येक टप्प्यावर न बघता लिहायचं काम आहे का, हे तपासा. व्हिडिओ बंद, नोट्स बंद, कोरी फाइल समोर, आणि प्रोग्राम तुमचा. मागच्या वेळी रोडमॅप निवडताना नेमकं हेच माझ्याकडून तपासायचं राहिलं. व्हिडिओ सगळे पाहून झाले, प्रत्येक नोटबुक (कोड आणि टिपा एकत्र असलेली फाइल) व्यवस्थित चाललं, कारण ते आधीच कुणीतरी लिहिलेलं होतं. मग एक दिवस कोरी फाइल उघडली आणि सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल, वाचून एका स्तंभाची सरासरी काढायलाही हात चालेना. कोड वाचला की समजतो, त्यामुळे तो आपल्याला येतो असं वाटतं. वाचता येणं आणि लिहिता येणं यात फार अंतर आहे आणि व्हिडिओ बघून ते कमी होत नाही.

तपासायचं कसं? पहिला धडा बघू नका, पहिला धडा सगळ्यांचाच चांगला असतो. मधल्या एखाद्या आठवड्याचा स्वाध्याय उघडा. ‘इथे तुमचा कोड लिहा’ म्हणून एका ओळीची जागा सोडलेली असेल तर ते काम अर्धंच धरा. पूर्ण प्रोग्राम लिहायला सांगितला असेल आणि तो बरोबर आहे की नाही हे कळायची सोय असेल, तर ते काम खरं. हार्वर्डचा सीएस५० हा प्रोग्रामिंगचा कोर्स या बाबतीत भक्कम आहे. दर आठवड्याला प्रॉब्लेम सेट असतो आणि तुमचा प्रोग्राम चेक५० हे साधन वापरून तपासता येतो. चुकला तर कुठल्या इनपुटला चुकला ते दिसतं. अशी सोय नसेल तर ती तुम्हीच करायची. धडा संपला की दुसऱ्या दिवशी, त्याच दिवशी नव्हे, तोच प्रोग्राम कोऱ्या फाइलमध्ये लिहायचा. दुसऱ्या दिवशी, कारण त्याच दिवशी ओळी डोळ्यांसमोर ताज्या असतात आणि तुम्ही त्या आठवून उतरवता.

भाषा पायथन. कुठली भाषा निवडायची यावर वेळ घालवू नका. त्यातलं एवढं रोडमॅपमध्ये हवं: लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी, फाइल वाचणं-लिहिणं, एरर हाताळणं, टर्मिनल, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन). रोडमॅपमध्ये गिट शेवटी ढकललं असेल तर ते ओढून पहिल्या महिन्यात आणा.

पुढचं म्हणजे रोडमॅप किती जुना आहे, आणि हे फक्त तारीख बघून कळत नाही. एआय संशोधक अँड्र्यू एनजी यांचा २०११चा प्रसिद्ध मशीन लर्निंगचा कोर्स ऑक्टेव्ह या भाषेत होता. २०२२मध्ये त्याची पायथनमधली नवी मालिका आली. तरी जुन्या याद्यांमध्ये अजून जुनाच सापडतो. टेन्सरफ्लो या मॉडेल बनवायच्या लायब्ररीत आधी ‘सेशन’ उघडून कोड चालवावा लागायचा, २०१९च्या २.० आवृत्तीने ती पद्धतच बदलली. पांडासच्या २०२३मधल्या २.० आवृत्तीत डेटाफ्रेमचं (तक्त्याचं) अपेंड, म्हणजे ओळी जोडायचं फंक्शन, गेलं, आता कॉनकॅट वापरायचं. बोस्टनच्या घरांच्या किमतींचा डेटासेट कितीतरी धड्यांत पहिलं उदाहरण म्हणून येतो. त्यातला एक स्तंभ वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून काढलेला होता, म्हणून सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या लायब्ररीने २०२२च्या १.२ आवृत्तीपासून तो डेटासेटच काढून टाकला. नवशिक्याला हे माहीत नसतं. एरर आली की आपलंच चुकलं असं वाटतं, आणि संध्याकाळ त्यातच जाते. म्हणून रोडमॅप पक्का करण्याआधी त्यातलं तिसरं-चौथं नोटबुक आजच्या आवृत्त्यांवर चालवून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, टाळू नका. आणि एक लक्षात घ्या, लायब्ररीचा धडा जुना झाला म्हणून मॅट्रिक्स आणि संभाव्यतेचा धडा जुना होत नाही. नवं-नवं करत सगळंच टाकून देणारेही पाहिलेत.

गणिताबद्दल दोन टोकं आहेत आणि दोन्ही घातक. एक म्हणतं, आधी सहा महिने गणित. तिथे बहुतेक जण थकून सोडतात. दुसरं म्हणतं, गणित लागतच नाही. मग मॉडेल शिकेना की कुठे बघायचं हे कळत नाही. मॅट्रिक्सचा गुणाकार, डेरिव्हेटिव्ह आणि चेन रूल, सरासरी आणि व्हेरियन्स, सशर्त संभाव्यता: एवढं कोडच्या सोबतीने येणारा रोडमॅप घ्या. थ्री-ब्लू-वन-ब्राउन या यूट्यूब चॅनलचे लिनिअर अल्जिब्राचे व्हिडिओ सुंदर आहेत, डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं. पण तिथेही तेच. व्हिडिओ संपल्यावर दोन बाय दोनची मॅट्रिक्स कागदावर घेऊन, न बघता, गुणाकार करा.

एक उदाहरण सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण रोडमॅप पारखायला ते पुरतं. फक्त नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) वापरून ग्रेडियंट डिसेंटने (पावलापावलाने चूक कमी करत जाणाऱ्या पद्धतीने) लिनिअर रिग्रेशन, म्हणजे सरळ रेषेने अंदाज, लिहा. वीसेक ओळी होतात. घराच्या किमतीचा अंदाज करायला क्षेत्रफळ घ्या, १,२००, १,८०० चौरस फूट असे आकडे, आणि लर्निंग रेट (पाऊल किती मोठं टाकायचं ते) ०.०१ ठेवा. काही फेऱ्यांत लॉस (मॉडेलची चूक किती ते मोजणारा आकडा) भडकतो, आधी अवाढव्य आकडा, मग इन्फिनिटी, मग ‘नॅन’ (म्हणजे आकडाच नाही). कोडमध्ये व्याकरणाची चूक एकही नसते. क्षेत्रफळाचे आकडे मोठे, म्हणून ग्रेडियंट (लॉसचा उतार) प्रचंड, म्हणून प्रत्येक पाऊल दरीच्या पलीकडे पडतं. क्षेत्रफळातून सरासरी वजा करून स्टँडर्ड डेव्हिएशनने भागा, आणि त्याच लर्निंग रेटवर लॉस शांतपणे खाली येतो. हे हाताने करून बघितलेला माणूस पुढे पायटॉर्चमध्ये ‘नॅन’ दिसला तरी घाबरत नाही. तुमच्या रोडमॅपमध्ये मॉडेल मुद्दाम बिघडवून बघायला सांगणारी एक तरी जागा आहे का? नसेल तर तो फक्त सुखाचा रस्ता दाखवतोय.

तुमची पातळी आणि कोर्सची अपेक्षा जुळते का, हेही बघा. फास्ट-एआयचा कोर्स वरून खाली जातो, आधी चालणारं मॉडेल आणि मग आतलं गणित. पद्धत छान आहे, पण साधारण वर्षभर कोडिंग केलेलं असावं असं ते स्वतःच सांगतात. लोक ती ओळ वाचत नाहीत. एआय संशोधक आंद्रे कार्पाथी यांची न्यूरल नेटवर्कची मालिका मायक्रोग्रॅड नावाच्या, डेरिव्हेटिव्ह काढणाऱ्या छोट्या इंजिनापासून सुरू होते. ती बघत बसण्यात अर्थ नाही. पहिला व्हिडिओ संपला की मायक्रोग्रॅड कोऱ्या फाइलमध्ये लिहा. अडलात तर अडलेली एकच जागा बघा, फाइल बंद करा, पुन्हा लिहा. मी हे वारंवार सांगतोय याचा कंटाळा आला असेल तर येऊ दे. यादीतली बाकी प्रत्येक गोष्ट नंतर दुरुस्त करता येते, पण या सवयीशिवाय काढलेले महिने परत मिळत नाहीत.

याच कारणासाठी शिकण्याच्या फाइलींपुरतं एडिटरमधलं एआय ऑटोकम्प्लीट बंद करा. दोन अक्षरं टाइप केली की पूर्ण फंक्शन पुढे येतं, आणि जे तुम्हाला शोधायचं होतं ते शोधून झालेलं असतं. चॅटबॉटला ‘ही एरर का आली’ हे जरूर विचारा, स्वाध्यायाचा कोड मागू नका. काम करताना ही साधनं वापरायचीच आहेत, ती वेगळी फाइल.

वेळ: कोर्सवर लिहिलेल्या तासांच्या दुप्पट धरा, कारण ते तास बहुतेकदा बघण्याचेच असतात.

मशीन लर्निंगच्या टप्प्यात एकच तपासा. ट्रेन (शिकवायचा) आणि टेस्ट (तपासायचा) डेटा वेगळा का करायचा आणि स्केलिंग (वर क्षेत्रफळाचं केलं तसं) टेस्टवर फिट का करायचं नाही, हे शिकवलंय का. नसेल तर तिथली सगळी अचूकतेची टक्केवारी संशयास्पद.

प्रोजेक्ट: टायटॅनिक आणि एमनिस्ट हे तयार डेटासेट सरावाला ठीक, दाखवायला नाही. ज्याचा डेटा तुम्ही स्वतः गोळा केलाय असा एक प्रोजेक्ट, रीडमी नीट लिहून. प्रमाणपत्रांसाठी रोडमॅप बदलू नका.

एलएलएमचा (चॅटबॉटमागच्या मोठ्या भाषा-मॉडेलांचा) भाग: टोकन (मजकुराचे तुकडे), एम्बेडिंग (मजकुराचा अर्थ आकड्यांत), रॅग (आधी कागदपत्रं शोधून त्यावरून उत्तर), आणि उत्तरं मोजायची पद्धत. फ्रेमवर्क नंतर, आधी एपीआयला साधी रिक्वेस्ट स्वतः पाठवा. कोऱ्या फाइलमधून, हो.

डिप्लॉयमेंट, डॉकर, क्लाउड: पहिला प्रोजेक्ट झाल्यावर बघा, आत्ता नाही.

निवड झाली की उरलेले टॅब बंद करा आणि कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरची एक तारीख टाका. त्या दिवशी रोडमॅप बदलायचा की नाही ते ठरवा, तोवर दुसरा उघडायचा नाही.