कार्यालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप: एवढं पाळाच

तहसील असो वा पंचायत समिती, सरकारी कार्यालयाच्या ग्रुपवर लाभार्थ्याचं आधार कार्ड किंवा बँक पासबुकाचा फोटो टाकू नका. ऑटो-डाउनलोड सुरू असेल तर तो प्रत्येक सदस्याच्या गॅलरीत उतरतो, तिथून बॅकअपमध्ये जातो. तुम्ही नंतर 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी सेव्ह झालेली प्रत राहू शकते. ज्या आजीबाईंनी विश्वासानं कागद दिला, त्यांना याचा पत्ताही नसतो. नुसता अर्ज क्रमांक लिहिला की काम भागतं.

बदली झालेल्यांना कार्यमुक्तीच्या दिवशीच ग्रुपमधून काढा. यात मान-अपमान काही नाही.

वरिष्ठांनी ग्रुपवर तोंडी धाटणीत आदेश दिला, 'आजच करून टाका', तर तो लगेच टिपणीत घेऊन फाइलवर किंवा ई-ऑफिसवर मान्यता घ्या. चौकशीत फाइलच बघतात. आणि माहिती अधिकार कायदा, 2005 मध्ये 'माहिती'च्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला मजकूरही येतो, तेव्हा 'हे तर आपसातलं' असं धरून चालू नका.

सुप्रभात, वाढदिवस यांना वेगळा ग्रुप करा. पूरस्थितीचा निरोप पुष्पगुच्छांच्या फोटोंखाली गाडला जाणं परवडणारं नाही.