घरच्या कॉम्प्युटरला यूपीएस जोडताना

लाइट गेली की कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो. लिहीत असलेली फाइल जाते, कधी विंडोजच उघडेनाशी होते. यूपीएस (लाइट गेल्यावर कॉम्प्युटरला बॅटरीवरून वीज देणारं यंत्र) घ्यायचा तो हे टाळण्यासाठी. त्याच्या जोरावर तासभर काम करता येत नाही. काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो. निवड, जोडणी, सेटिंग सगळं याच हिशेबाने करा.

खोक्यावर ठळक अक्षरांत 600 व्हीए (व्होल्ट-ॲम्पिअर) असतं, पण बघायचा तो वॅटचा आकडा, बहुधा 360. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर डेस्कटॉप 60 ते 120 वॅट घेतो, मॉनिटर 20 ते 30, राउटर 10च्या आसपास. एकूण 150 धरा. 600 व्हीए भरपूर झाला. आत 12 व्होल्ट 7 एएचची (ॲम्पिअर-तासांची) बॅटरी असते. कागदावर ती 84 वॅट-तासांची, पण एवढ्या जोरात उपसली की जेमतेम निम्मी हाती लागते. त्यामुळे बॅटरी नवी असताना 10 ते 15 मिनिटं मिळतात. गेमिंगचं मशीन 300–400 वॅटवर सहज जातं, त्याला 1100 व्हीएच्या खाली जाऊ नका. त्याच्या एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमध्ये) ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे करंट एकसारखा खेचणारं सर्किट, असेल तर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइटसारखी गुळगुळीत वेव्ह देणारा यूपीएस घ्या. स्वस्त यूपीएसच्या पायरीदार वेव्हवर असे काही एसएमपीएस बॅटरीवर जाताक्षणी बंद पडतात.

आता भिंतीवरचा सॉकेट, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून मोजा: फेज-न्यूट्रल 230च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ 2–3 व्होल्टच्या आत. समोरून बघताना फेज उजव्या भोकात हवी. जुन्या घरांत ती हमखास उलटी सापडते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलंय. एसएमपीएसच्या फिल्टरमधून झिरपणाऱ्या करंटला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून तो पत्र्यावर येतो. आधी वायरमनला बोलवा, यूपीएस नंतर.

काही यूपीएसमध्ये बॅटरीची एक वायर कारखान्यातूनच सुटी ठेवलेली असते. लाल वायर प्लसला लावायची. उलटी लागली तर मोठी ठिणगी पडते आणि फ्यूज किंवा आतला मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) जातो. मग काहीही न जोडता 8 तास चार्ज होऊ द्या. त्यानंतर सीपीयू, मॉनिटर आणि राउटर, एवढंच जोडा. लेझर प्रिंटर मात्र थेट भिंतीवर. त्याचा हीटर क्षणभर 500 वॅटच्या वर खेचतो आणि ओव्हरलोडने यूपीएस सगळंच बंद करतो.

यूएसबी पोर्ट असेल तर केबल जरूर लावा. विंडोज यूपीएसला लॅपटॉपच्या बॅटरीसारखं ओळखतं. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये क्रिटिकल बॅटरी ॲक्शनला हायबरनेट निवडा आणि पातळी 25 टक्के ठेवा. 5 टक्क्यांवर सोडलीत तर जुनी बॅटरी त्याआधीच मान टाकते. लिनक्सवर हेच काम नट नावाचं पॅकेज करतं.

चाचणीसाठी भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग उपटू नका. प्लगबरोबर अर्थिंगही सुटतं.

घरी इन्व्हर्टर असेल तर मागची कळ 'यूपीएस' मोडवर आहे ना, ते पाहा. साध्या मोडमध्ये लाइटवरून बॅटरीवर जायला 40 मिलिसेकंदांपर्यंत लागतात आणि एसएमपीएस तग धरतो साधारण 16. पंखा चालू राहतो आणि कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो, तो यामुळे. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर यूपीएस जोडू नका. बरेच यूपीएस ती वेव्ह नाकारून सारखे बॅटरीवर जातात आणि टीं-टीं थांबत नाही.

रात्री बोर्डाचं बटण बंद करायची सवय बॅटरीच्या मुळावर येते. यूपीएसचं स्वतःचं बटण चालूच राहिलं तर तो रात्रभर बॅटरी खातो, आणि रिकामी पडून राहिलेली लेड बॅटरी सल्फेट धरते, म्हणजे प्लेटांवर थर चढून ती चार्ज धरेनाशी होते. यूपीएसचं बटण बंद, भिंतीवरचं चालू, असं ठेवा.

बॅटरी 2 ते 3 वर्षं टिकते. बंद कपाटात, उन्हाळ्याच्या उकाड्यात त्याहून कमी. नुसत्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका. मेलेली बॅटरीही लोडशिवाय 12.6 दाखवते आणि लोड पडताच 10च्या खाली कोसळते. म्हणून दर तीन महिन्यांनी बटण बंद करून मिनिटं मोजा. 5च्या खाली आली की बदला. फुगलेली बॅटरी लगेच काढा. जागी 7 एएचचीच बसवा. बाहेरून गाडीची मोठी बॅटरी जोडण्याचा प्रकार सर्रास चालतो, तो धोक्याचा आहे: छोटा चार्जर ती कधी पूर्ण भरत नाही आणि 15 मिनिटांसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर तासभर चालून वितळायला येतो. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, नवी घेताना दुकानदाराला परत द्या. त्यातल्या शिशाचे पैसेही वळते होतात.