गरसेकरांच्या माणसाचा उतारा घरसभेत कसा घ्यायचा, आणि मग आपल्या गल्लीतल्या माणसापाशी कसं जायचं

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, ५:१-२० मध्ये, गरसेकरांच्या भागातल्या एका भूतग्रस्त माणसाला येशू बरा करतो, त्याच्यातनं निघालेले आत्मे डुकरांच्या कळपात शिरतात आणि कळप पाण्यात बुडतो. हा उतारा आपल्याकडं बहुतेक दोनच प्रकारे घेतला जातो बघा. एक तर संडे स्कूलमध्ये, डुकरं पाण्यात पडली म्हणून पोरं खिदळतात तो प्रकार, नाहीतर उपास-प्रार्थनेच्या दिवशी माईक हातात घेऊन "निघ बाहेर" म्हणून ओरडायला आधार म्हणून. दोन्हीकडं तो माणूस मधल्या मध्ये हरवतो. घरसभा, म्हणजे घरी जमून वाचन-प्रार्थना, चालवणाऱ्यांसाठी, चर्चच्या तरुण संघाच्या पोरापोरींसाठी आणि ज्यांच्या गल्लीत नाहीतर ज्यांच्या स्वतःच्या घरात असा कुणी आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. कोल्हापुरात सीबीएस बसस्टँडवर, रंकाळ्याच्या कट्ट्यावर, बंद दुकानाच्या पायरीवर अशी माणसं आपण रोज बघतो आणि केएमटी बसच्या खिडकीतनं मान वळवून घेतो.

आधी वाचन. ५:१ पासून सुरू करू नका, ४:३५ पासून घ्या. संध्याकाळ झालीय, दिवसभर शिकवून झालंय, आणि येशू शिष्यांना म्हणतो सरोवराच्या पलीकडं जाऊया. वाटेत वादळ, होडीत पाणी, शिष्यांचा जीव टांगणीला, आणि पलीकडं उतरल्या उतरल्या समोर येतो तो हा एकटा माणूस, आणि ५:२१ ला येशू परत होडीत बसून अलीकडं आलेला आहे. मधे तिकडं दुसरं काही काम केल्याचं मार्क सांगत नाही. हे तुम्ही सांगू नका, लोकांना सापडू द्या, फक्त विचारा की एवढ्या वादळातनं गेला तो कुणासाठी, आणि गप्प बसा. गप्प बसणं घरसभा चालवणाऱ्याला सगळ्यात जड जातंय, तरी बसा.

मग ३ ते ५ ही वचनं दोनदा, सावकाश, दोन वेगळ्या लोकांकडनं वाचून घ्या. थडग्यांत राहतोय, बेड्या-साखळ्या तोडल्यात, रात्रंदिवस ओरडतोय, दगडांनी स्वतःलाच ठेचून घेतोय. हीच गोष्ट लूक आणि मत्तयही सांगतात. लूक ८:२७ भर घालतो की हा त्या नगरातलाच, अंगावर कपडा नाही, घरात राहत नाही. मत्तयाच्या ८ व्या अध्यायात दोघं भूतग्रस्त आहेत आणि गावाचं नावही वेगळं येतंय, त्यामुळं कुणीतरी विचारणारच की एक का दोन, त्याला दोन मिनिटं द्या आणि पुढं चला नाहीतर सगळी संध्याकाळ तिथंच जाते.

इथं विचारायचा प्रश्न असा, की साखळ्या कुणी घातल्या होत्या? उत्तर यायला जरा वेळ लागतो. गावानंच की, म्हणजे त्याच्या ओळखीच्याच लोकांनी. मार्क गावाला दुष्ट म्हणत नाही. त्यांनी जमेल ते केलं, पुन्हा पुन्हा केलं, साखळ्या तुटल्या, मग हात टेकले आणि थडग्यांकडं सोडून दिलं. ज्यांनी घरात असा पेशंट सांभाळलाय त्यांना हे लगेच कळतं, कारण रात्रभर दारात बसून राहणं, शेजाऱ्यांचं बोलणं खाणं, लग्नकार्यात त्याला आतल्या खोलीत ठेवणं हे सगळं त्यांनी केलेलं असतंय. असं कुणी ग्रुपमध्ये असेल तर त्यांना बोलू द्या, पण बोलाच म्हणून मागं लागू नका.

आता येशूनं काय केलं ते क्रमानं बघा. लांबनं धावत आलेल्या माणसाला बघून तो पळाला नाही. आत्म्याला निघ म्हणाला, आणि मग विचारलं, तुझं नाव काय. उत्तर आलं सैन्य, कारण आम्ही पुष्कळ आहोत. इथं सैन्यासाठी मूळ शब्द लीजन आहे. रोमी सैन्याच्या एका लीजनमध्ये पाचेक हजार शिपाई असायचे, आणि त्या भागावर रोमचं राज्य होतं, त्यामुळं या उत्तराचा धसका ऐकणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त बसला असणार. पण मला त्या उत्तरापेक्षा प्रश्न मोठा वाटतो. गावात त्याला नावानं हाक मारून किती दिवस झाले असतील कोण जाणे. आणखी एक गोष्ट ग्रुपमध्ये नक्की काढा, मार्क ३:२१ मध्ये खुद्द येशूच्या घरचे लोक त्याला भान राहिलेलं नाही म्हणून धरून न्यायला आले होते, आणि पुढच्याच वचनात यरुशलेमहून आलेले शास्त्री म्हणाले की याच्या अंगात बालजबूल, म्हणजे भुतांचा सरदार, आहे. म्हणजे वेडा आणि भूतग्रस्त ही दोन्ही लेबलं त्याला स्वतःला चिकटवून झालेली होती. त्या लेबलासकट तो या माणसापुढं उभा आहे.

डुकरं. हा भाग टाळू नका, टाळला तर लोक मनात तेच धरून बसतात. सुमारे दोन हजार डुकरं, म्हणजे हा यहुदी लोकांचा भाग नव्हे हेही कळतं, कारण यहुद्यांना डुक्कर वर्ज्य. आपल्याकडं कुणीतरी विचारतोच की भावा, नुकसानभरपाई कुणी दिली? हसू द्या, पण प्रश्न खरा आहे. लोक येऊन बघतात तर तो माणूस शांत बसलाय, कपडे घातलेत, भानावर आहे, आणि त्यांना आनंद होत नाही, भीती वाटते, आणि ते येशूला म्हणतात आमच्या भागातनं जा. एका माणसाची किंमत गावाला दोन हजार डुकरांएवढी वाटली नाही. आपल्या मंडळीनं एका माणसासाठी किती खर्च सोसला असता, हॉलचं भाडं, एसी, स्पीकर यातलं काय सोडलं असतं, हे विचारा आणि उत्तराची घाई करू नका. पास्टर समोर बसलेले असतील तर आणखीच मजा.

आणि १५ व्या वचनात थांबा. कपडे घातलेला. लूक म्हणतो त्याच्या अंगावर पुष्कळ दिवस कपडाच नव्हता, मग हे कपडे आले कुठनं? मार्क सांगत नाही, पण आकाशातनं पडले असंही म्हणत नाही. होडीतल्या कुणीतरी अंगावरचं काढून दिलं असेल असं मी धरून चालतो, वादळात भिजलेलं का असेना. सुटका प्रभूनं केली, कपडा बहुतेक कुणा माणसाच्या हातनं आला. या प्रश्नावर घरसभा संपवा आणि चहा ठेवा, कारण पुढचं सगळं काम त्या कपड्याचं आहे.

आता प्रत्यक्ष जायचं कसं.

दोघंच जा. बाईमाणूस असेल तर निदान एक बहीण बरोबर पाहिजेच. पाच-सहा जण गोल करून उभे राहिले की समोरच्याला मार पडणार असंच वाटतं, आणि रस्त्यावर राहणाऱ्याला मार नवा नसतो. दिवसाउजेडी जा, त्याच वेळेला, त्याच जागी, म्हणजे त्याला तुमची सवय होते. पहिल्या दिवशी बायबल, प्रचाराच्या पत्रिका काही काढू नका. शेजारी जरा अंतर ठेवून बसा, नाव सांगा, नाव विचारा. सांगितलं नाही तर राहू दे. चहा आणि खारी बरोबर न्या आणि स्वतःही तिथंच बसून प्या, ग्लास त्याच्या हातात कोंबून निघून येऊ नका. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंना हॉटेल काढायला लावलं आणि अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या माणसाच्या त्या हॉटेलात, भर कोल्हापुरात, स्वतः जाऊन चहा प्याले, हे आपल्या शहराला कुणी शिकवायची गरज नाही. राजाला घरी चहा मिळत नव्हता म्हणून तो गेला नव्हता.

विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नका, डोक्यावर तर नाहीच. त्याला आवाज ऐकू येत असतील, कुणी मागं लागलंय असं वाटत असेल, तर वाद घालू नका आणि हो ला हो पण करू नका, "तुम्हाला भीती वाटत असेल, आम्ही इथं आहोत" एवढं म्हटलं तरी चालतं. प्रार्थना करू का असं विचारा, हो म्हणाला तर साध्या आवाजात, थोडक्यात करा, प्रभू बहिरा नाही. आणि मोबाईल खिशात ठेवा. व्हिडिओ नाही, फोटो नाही, ग्रुपवर "प्रेज द लॉर्ड, आज एका वेड्या भावाला भेटलो" नाही.

सुटकेच्या, म्हणजे भूत काढायच्या, प्रार्थनेबद्दल मी स्पष्ट लिहितो, काही जणांना आवडणार नाही. माझा येशूच्या सामर्थ्यावर विश्वास आहे, म्हणूनच ओरडाआरडी, धक्काबुक्की, उपाशी ठेवणं, बांधणं यातलं काहीही लागत नाही असं माझं म्हणणं आहे. साखळी गावानं घातली होती, येशूनं नाही. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे, भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे, आणि तो करणारा बाबा आहे का पास्टर आहे हे कायदा बघत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, त्याच्या कलम ९५ नुसार पेशंटला साखळीनं बांधायला कुठल्याही प्रकारे परवानगी नाही. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्ण ठेवायच्या एका जागेला ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली तेव्हा २८ मनोरुग्ण मेले, साखळदंडानं बांधलेले होते म्हणून पळता आलं नाही. त्यांच्या घरच्यांनी त्यांना बरं व्हायलाच तिथं आणून ठेवलं होतं.

आणि औषध चालू असेल तर "विश्वासानं गोळ्या सोड" असं चुकूनही म्हणू नका. गोळी अचानक बंद केली की त्रास उलटून येतो, आणि मग लोक म्हणतात भूत परत आलं. काही गोष्टी तर सरळ दवाखान्याच्या आहेत, तिथं प्रार्थना गाडीत बसून करा. रोज पिणाऱ्यानं दारू एकदम सोडली आणि दोन-तीन दिवसांत हात थरथरायला लागले, घाम सुटला, भिंतीवर किडे, माणसं दिसायला लागली, तर ते जिवावर बेतू शकतं, त्याच रात्री हॉस्पिटल. नुकती बाळंत झालेली बाई झोपेनाशी झाली, भलतंच बोलायला लागली, बाळाबद्दल विचित्र बोलतेय, तर आई आणि बाळ दोघांना एकटं सोडू नका आणि लगेच न्या. तापात बडबडणं, फेफरं येणं, मरायच्या गोष्टी बोलणं, हे पण तसंच. जवळ सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल आहे, लांबचं प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीला आहे, आणि नुसतं बोलायला, काय करू विचारायला टेलिमानस १४४१६ हा फुकट नंबर आहे, घरच्यांनीही लावला तरी चालतो. रस्त्यावर भटकणारा, स्वतःला सांभाळता न येणारा माणूस असेल तर त्याच २०१७ च्या कायद्यात, कलम १०० मध्ये, पोलिसांवर जबाबदारी आहे की त्याला संरक्षण द्यायचं आणि २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासायला न्यायचं. ठाण्यात जाताना हे कलम कागदावर लिहून न्या, उपयोग होतो.

घरचे लोक असतील तर त्यांच्याकडं पण जा, रागावून नाही. "एवढे दिवस काय करत होता" हा प्रश्न विचारायचा नाही. त्यापेक्षा रविवारी दुपारी दोन तास आम्ही त्याच्यापाशी बसतो, तुम्ही जरा झोपा, असं म्हणा. गोळ्यांचा खर्च, सीपीआरला रांगेत उभं राहणं, दाढी-अंघोळ, धुतलेले कपडे, हे महिला मंडळ आणि तरुण संघानं वाटून घ्या. जुने फाटके कपडे देऊन कपाट रिकामं करायचा हा मोका नव्हे, मापाचे द्या.

चर्चला आला तर कुठं बसवता ते बघा. मागच्या बाकावर, दाराजवळ, चप्पलांपाशी बसवला तर उतारा वाचून काही झालं नाही. तुमच्या घरच्यांच्या मधे बसवा. उपासनेत मोठ्यानं काही बोलला तर सगळ्यांनी मान वळवायची नाही, शेजारच्यानं हळूच पुस्तकातलं गाणं काढून द्यायचं. पोरं घाबरली तर पोरांना घरी नीट समजावून सांगा, आजारी माणूस आहे, आपला भाऊ आहे.

साक्षीचा, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते लोकांपुढं सांगण्याचा, एक मोह होतो, तो मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. माणूस जरा सावरला की त्याला स्टेजवर आणायचं, या गावच्या सभेत, त्या गावच्या सभेत, "बघा आधी कसा होता". गरसेकरांच्या माणसालाही येशूबरोबर होडीत जायचं होतं, त्यानं विनंती केली, आणि येशू नाही म्हणाला. घरी जा, आपल्या लोकांत जा, प्रभूनं तुझ्यावर दया केली ते त्यांना सांग. ज्यांनी साखळ्या घातल्या त्यांच्यातच परत. त्यामुळं त्याला बोलायचं असेल तेव्हा, त्याच्या शब्दांत, त्याच्या लोकांत बोलू द्या, आणि नको म्हणाला तर त्यावर देवाचे उपकार कमी होत नाहीत. घरच नसेल, किंवा घर घेतच नसेल, तर मंडळीतल्या दोन-तीन घरांनी ते घर व्हायचं, हे आधीच बोलून ठरवा, मागाहून एकमेकांकडं बघायची वेळ येते.

मधेच गायब होईल, शिव्या देईल, दिलेलं जॅकेट विकून टाकेल. दुसरं द्या, हिशेब लिहून ठेवू नका.

पुढच्या घरसभेला मार्क ७:३१ पासून घ्या. येशू पुन्हा त्याच दकापलीसात, म्हणजे दहा नगरांच्या भागात, येतो, जिथनं त्याला जा म्हणाले होते, आणि या वेळी लोक स्वतःहून एका बहिऱ्या माणसाला त्याच्याकडं घेऊन येतात आणि याच्यावर हात ठेव म्हणून विनवतात. मधल्या काळात तिथं कोण बोलत फिरत होतं ते ५:२० मध्ये आहे, ते वचन पहिल्यांदा वाचा आणि मग सुरू करा.