पानगळीत बकाणा निंबाची फळे झाडाखाली राहू देऊ नका

सावलीसाठी गोठ्याजवळ लावलेल्या बकाणा निंबाची पाने हिवाळ्यात गळून जातात, परंतु पिवळ्या, वाटोळ्या फळांचे घोस उघड्या फांद्यांवर लोंबत राहतात आणि नेमका हिरवा चारा आटू लागतो तेव्हाच खाली सडा पडतो. हा सडा वेळेवर न झाडल्यामुळे चांगली जनावरे दगावलेली आम्ही पाहिली आहेत. या झाडाला बकाण किंवा महानिंब म्हणतात. रोपवाटिकांत ते चायनाबेरी किंवा पर्शियन लायलॅक या नावांनीही विकले जाते, मात्र विकताना फळांविषयी सहसा कोणी बोलत नाही.

शेळ्या निंबोळ्या खातात, मग हीही खातील, हा समज घातक आहे. कडुनिंबाची फुले पांढरी, निंबोळी लांबट आणि पान एकदाच विभागलेले असते. बकाणाची फुले फिकट जांभळी, फळ गोल, पान दोन-तीनदा विभागलेले आणि आठळीवर उभे कंगोरे असतात. फळांतील मेलियाटॉक्सिन या विषाला डुकरे सर्वांत लवकर बळी पडतात. शेळ्या, मेंढ्या, गाई, कुत्री आणि लहान मुलांनाही धोका असतो. विषाचे प्रमाण झाडागणिक बदलते, म्हणून शेजाऱ्याच्या झाडाखाली काही झाले नाही यावर विसंबू नये.

वारा सुटला किंवा गारपीट झाली, तर बाकीची कामे बाजूला ठेवून जनावरे सोडण्यापूर्वी झाडाखालची जागा झाडून घ्यावी आणि फळे खोल पुरावीत. उकिरड्यावर टाकल्यास डुकरे ती उकरतात. आमचा अंदाज असा की, उपाशी सोडलेले जनावरच फळांवर तुटून पडते, त्यामुळे आधी थोडा कडबा घालावा.

लाळ गळणे, उलटी, हगवण, पोटदुखी, झोकांड्या किंवा झटके दिसताच पशुवैद्यकास बोलवावे. यावर ठरावीक उतारा नाही, त्यामुळे दुकानदार पुढे करतो ती महागडी ‘विषनाशक’ बाटली घेण्यात वेळ दवडू नये. झोकांडणाऱ्या जनावराला तेल किंवा ताक पाजू नये; ते श्वासनलिकेत जाते.

फवारणीच्या ५ टक्के निंबोळी अर्कासाठी १०० लिटर पाण्यास ५ किलो निंबोळी भरडा ही शिफारस कडुनिंबाची आहे. त्यात बकाणाची फळे मिसळू नयेत.

इतर कामे: जंतनिर्मूलन, लसीकरण, गोठ्यात कोरडे अंथरूण, रात्री आडोसा.